चालेल अशी फरशी

१० जानेवारी १९९९

आज इंदिरानगरला जाऊन आपलं घर पाहून आलो. 'आपलं' लिहिताना हात जरा थांबला. लग्न झाल्यापासून यांच्या नोकरीच्या क्वार्टरमध्येच दिवस काढले. रो हाउसच्या भिंतींना गिलावा झालाय, चौकटी बसल्यात, खाली मात्र नुसता कोबा आहे. बिल्डरचा माणूस म्हणाला, "काकू, फरशी आमची घेतली तर पांढऱ्या मोझॅक टाइल्स. तुमची तुम्ही आणली तर तेवढी रक्कम वजा करू."

हे लगेच म्हणाले, "त्यांचीच घेऊ. कशाला डोक्याला ताप?"

मी म्हटलं, "थांबा. फरशी मी बघणार."

कारण यांना ठाऊक आहे. ज्योत्स्नाला दोन वर्षांची असताना पोलिओ झाला, दोन्ही पाय गेले. त्याच साली मी गडावर सप्तशृंगीपुढे पदर पसरून बोलले होते, आई, आम्हाला स्वतःचं घर दे आणि त्या घरात माझी पोर चालू दे, तुला चांदीची पावलं वाहीन. आज ती पंचविशीची आहे. घर आईने दिलं. निम्मा नवस तिने तिच्या बाजूने पुरा केला. उरलेला निम्मा एका फरशीपायी अडायला नको.

येताना बस समोर उभी होती, तरी यांनी रिक्षा केली. लिहून ठेवते.

१४ जानेवारी, संक्रांत

दुपारी कॉलनीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या. ज्योत्स्नाला मी आधीच पायांना लोखंडी कॅलिपर चढवून, बूट बांधून खुर्चीवर बसवलं होतं. (तिचे बूट घरात चालतात. तळ ओल्या फडक्याने पुसून घेते आणि देवालाही तसं सांगून ठेवलंय.) मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते, तोवर बाईसाहेबांनी कॅलिपर काढले, तिळगुळाचं ताट मांडीवर घेतलं आणि फरशीवरून सरकत सरकत बायकांच्या मधोमध जाऊन बसल्या. खो खो हसणं चाललेलं. कुणी काही बोललं नाही, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायका गेल्यावर मी म्हटलं, "एवढे पैसे घालून कॅलिपर करून आणले ते कशाला? भिंतीला टांगायला?"

तर म्हणते, "आई, दोन हातांत दोन कुबड्या. ताट काय डोक्यावर घेऊ?"

या मुलीला उत्तरं फार.

२३ जानेवारी

द्वारका चौकाजवळ टाइल्सच्या दुकानात जाऊन आले. मालक शेखरशेठ म्हणजे कालचं पोरगं, पण बोलायला पक्कं.

"काकू, ही बघा. मिरर फिनिश! तोंड बघून कुंकू लावाल."

"तोंड बघायला आरसा आहे घरात. न घसरणारी दाखव. माझी मुलगी कुबड्यांवर चालते."

तो जरा ओशाळला. मग एकेक काढून दाखवायला लागला. मी घरून कुबडीच्या बुडाची जुनी रबरी टोपी पर्समध्ये टाकून नेली होती. ती प्रत्येक फरशीवर दाबून, पाणी टाकून, पुढे लोटून पाहिली. चकचकीत फरशीवर टोपी लोण्यासारखी गेली. पॉलिश मारलेल्या कोटा दगडाच्या फरशीवरही जातेच. शेवटी मागच्या गोडाउनमधून त्याने एक खरबरीत, दाणेदार फरशी आणली. टोपी जागची हलेना.

"पार्किंगला लावतात ही," शेखरशेठ म्हणाला. "गाडी चढवली तरी सरकत नाही."

"आम्हाला गाडी नाही चढवायची. पण हीच पाहिजे."

"घरात? काकू, पुसताना तुमचं फडकं फाटेल."

फडकी जुन्या धोतराची असतात, फाटली तर फाटली. एक तुकडा नमुना म्हणून मागून घेतला. फुकट दिला. भाव मात्र अजून पाडायचा आहे.

३१ जानेवारी, माघी पौर्णिमा

नमुना ज्योत्स्नाला दाखवला. बिटको चौकाजवळच्या इन्स्टिट्यूटमध्ये ती टायपिंग शिकवते. आज रविवार असून जादा बॅच होती. दमून आली, कॅलिपर सोडले, पाय चोळत बसली. तिच्या मांडीवर तुकडा ठेवून मी विचारलं, "ही चालेल का गं?"

तिने त्याच्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तुला आवडलीय?"

"मला फार आवडलीय. कुबडी तसूभर हलत नाही."

"मग चालेल."

"नक्की चालेल?"

"अगं चालेल म्हटलं ना."

मी देवाला हात जोडले. पौर्णिमेच्या दिवशी, देवापुढे निरांजन तेवत असताना, तिच्याच तोंडून हा शब्द निघावा! हे म्हणाले, "आणखी दोन-चार दाखव तिला. एकच काय दाखवतेस?" मी ऐकलं नाही. कौल एकदाच घ्यायचा असतो.

१४ फेब्रुवारी

डोकं नुसतं भणभणतंय. ज्योत्स्ना म्हणते, मी नव्या घरी येत नाही. मीनाकडे राहीन, रविवारी येत जाईन. मीना म्हणजे तिच्याच इन्स्टिट्यूटमधली शॉर्टहँड शिकवणारी. एकटी असते, देवळाली गावात भाड्याच्या खोलीत.

मी म्हटलं, "लांब पडतं म्हणून म्हणतेस का? महिन्याने रिक्षा लावू. मी दूध कमी करीन."

"रिक्षाचं नाही, आई."

"मग कशाचं?"

"काही नाही. तुमचं घर झालंय, तुम्ही राहा ना सुखाने."

तुमचं घर! मी यांच्याकडे पाहिलं, तर यांचं डोकं पेपरात.

मीनाकडे असं आहे तरी काय? मी एकदा गेले होते. एक खाट, एक स्टोव्ह, भाडेकरूंच्या पायांनी झिजून गुळगुळीत झालेली जुनी शहाबादी फरशी. धड पंखासुद्धा नाही. ज्योत्स्ना तिथे अशी वावरत होती की जणू तिचंच माहेर. मीनाच तिला फितवतेय, दुसरं काय. भाडं वाटून जाईल म्हणून.

एकदा ती नव्या घरात चालली की हे खूळ जाईल.

१ मार्च, होळी

हे परवा रिटायर झाले. शाल-श्रीफळ मिळालं. एप्रिल संपेपर्यंत क्वार्टर सोडायचं. हे दिवसभर घरात असतात आणि डब्यांची झाकणं उघडून बघतात.

फरशीचं काम सुरू झालं. मी मुद्दाम ज्योत्स्नाची खोली पहिली धरायला लावली. बहिरू मिस्त्री म्हणतो, "काकू, घरात असली फरशी पयल्यांदाच बसवतोय मी. पण माल लय बेस. लेवल इकडंतिकडं झाली तरी कुणाच्या बापाला दिसत नाय."

असं म्हटल्यावर मी दोरी घेऊन त्याच्या डोक्यावर उभी राहिले. संध्याकाळी त्याला दोन पोळ्या दिल्या. पुरण यंदा गोडाला कमी झालं.

७ मार्च

सगळं जसं झालं तसं लिहिते.

रविवार म्हणून तिला घेऊन घर दाखवायला गेलो. तिची खोली तयार आहे. कॅलिपर, बूट, कुबड्या, सगळं चढवून ती दारापासून खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. एकदाही घसरली नाही. मी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. आई, झालं, म्हटलं.

डबा नेला होता. चटई टाकून जेवायला बसलो. कॅलिपरमध्ये मांडी पडत नाही म्हणून तिने ते काढून ठेवले. जेवण झाल्यावर हात धुवायला बसल्याबसल्याच मोरीकडे निघाली.

मी म्हटलं, "अगं, घाल ना ते. आत्ता किती छान चाललीस."

ती तशीच गेली. परत यायला उशीर झाला. आली तेव्हा तळहात लाल झालेले, अंगठ्याच्या बुडाशी सालटं निघालेलं, आणि सलवार मागून फाटलेली. ओढणी तिथे ओढून घेत म्हणाली, "आई, ही नाही चालणार."

"नाही चालणार? तूच चालेल म्हणालीस! देवासमोर म्हणालीस!"

"तू एवढ्या खुशीत होतीस. काय म्हणणार होते मी?"

"पण वाईट काय आहे तिच्यात? जरासुद्धा घसरत नाही."

"तेच तर. जरासुद्धा घसरत नाही."

"तू बसून फरफटत गेलीस म्हणून लागलं. चालत गेली असतीस तर..."

"मग मी नाही चालणार."

मला वाटलं, फरशीचंच बोलते. म्हटलं, "चालेल गं, सवय होईल."

"फरशी नाही, आई. मी. मी नाही चालणार या घरात. बाहेर चालतेच ना दिवसभर? जिने चढते, रस्ता ओलांडते, पोरांपुढे उभी राहते. लोक घरी आले की चपला काढतात. मी पाय काढते. मला घर म्हणजे एवढंच."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग मी गडावर काय तोंड दाखवू?" आणि इतकी वर्षं तिला न सांगितलेला नवस तिथे, त्या सिमेंटच्या धुळीत, सांगून टाकला.

ती ऐकून घेत होती. मग हसली. रडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे देवीकडे तू घर मागितलंस आणि त्याच्याबरोबर मुलगीही नवी मागितलीस होय?"

हे उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. मला एकटीला टाकून.

८ मार्च

काही लिहावंसं वाटत नाही. दूध नासलं.

१८ मार्च, पाडवा

या घरातली शेवटची गुढी. ज्योत्स्ना नीट बोलते, श्रीखंड मागून घेतलं, साखरेच्या गाठीवरून यांच्याशी भांडली. भांडण माझ्याशी नाही, म्हणून जास्त लागतं. मीनाकडे जायचं पक्कंच दिसतंय. तिची ट्रंक तिने आपली आपण भरायला घेतली.

दुपारी आम्ही दोघांनी कपाट हलवलं. खालची शहाबादी बसवली त्या दिवशी होती तशीच, करडी आणि खरखरीत. आणि तिथून हातभरावर, ज्योत्स्नाच्या खाटेपासून स्वयंपाकघराकडे आणि मागच्या दाराकडे, एक पट्टा चकाकत होता. मला वाटलं, तेल सांडलं. रोज पुसते मी ही फरशी, कधी कसं दिसलं नाही? सोडा आणि नारळाची शेंडी घेऊन घासायला बसले. घासलं तसं जास्तच चकाकायला लागलं.

हे दारात उभे होते. म्हणाले, "अगं, तेल नाही ते."

बस, एवढंच. आणि शेंडी माझ्या हातातून काढून घेतली.

२६ मार्च

काल रामनवमी. गडावर चैत्राची यात्रा लागली म्हणून आज एस.टी.ने वणीला गेले. नणंदेकडे उतरले. सखुवन्सं दारातच म्हणाल्या, "वयनी, पावलं आनली का?"

सोनाराकडून नेली होती. त्यांनी हातात घेऊन वजन पाहिलं. "हलकीच केली की! बरं, पोरगी चालली का मंग?"

"चालली. एकदा."

"एकदा चालून नवस फिटतो व्हय? नवसात पळवाट नसती, सांगून ठिवते."

वन्संना घेऊन गडावर गेले तर ही गर्दी. खानदेशातून माणसं पायी आलेली, कुणाच्या पायाला चिंध्या गुंडाळलेल्या. रांगेत मी मनाशी सगळं जुळवलं होतं. आई, तुला असं असं बोलले होते, पोर अशी अशी म्हणते, आता मी काय करू ते तूच सांग. पायरी पायरी करत पुढे गेले. एकदाची समोर उभी राहिले. अठरा हातांची आई, शेंदराने लाल, एवढाली. तोंड उघडलं, आणि बाजूला उभा असलेला सेवेकरी ओरडला, "सरका बाई, सरका! पुढं सरका!"

मी म्हटलं, "दादा, एवढं एक विचारते आईला..."

"विचारायचं काय त्याच्यात? सरका. हितं समद्यांनी सरकायचंच असतंय."

मागून लोंढा आला आणि मी बाहेर. एक शब्द बोलता आला नाही. पदर पसरला होता तोही गोळा करता आला नाही नीट. एवढा जीव ओतून गेले आणि कानावर पडलं काय, तर सरका! फार वाईट वाटलं. आईने काही उत्तर दिलं नाही. पावलं तशीच परत आणली.

सखुवन्सं उतरताना म्हणाल्या, "दिली नाय ना? मला ठावं व्हतं."

२९ मार्च

सिमेंटची पोती मोजायला म्हणून एकटीच नव्या घरी गेले. बहिरू मिस्त्री जेवायला गेला होता. दार आतून लावलं. का कुणास ठाऊक, तिची खाट जिथे लावायची तिथे खाली बसले. साडी आवरली आणि दोन्ही हात टेकून मोरीकडे निघाले.

मोरीपर्यंत पोचले नाही. निम्म्यातच तळहातांची आग व्हायला लागली. साडी प्रत्येक दाण्याला धरून बसत होती. घरची जुनी साडी होती म्हणून बरं, तरी धागे ओढले गेलेच. तशीच बसून राहिले. खालून घर किती वेगळं दिसतं! खिडकीतून नुसतं आभाळ. नळ कुठल्या कुठे उंच. मोरीचा कठडा म्हणजे भिंतच.

मिस्त्रीने दार वाजवलं. "काकू! पडल्या का काय?"

"नाही रे. बसले होते."

"मंग कडी कशाला लावली?"

उठून कडी काढली आणि पोती मोजायला लागले.

संध्याकाळी ज्योत्स्नाला म्हटलं, "रविवारी दुकानात चल. फरशी बघू."

"चालेल," ती मान वर न करता म्हणाली.

"चालेल म्हणू नकोस. ये आणि बघ."

तिने मान वर केली.

४ एप्रिल

तिघं गेलो. शेखरशेठ बघताच म्हणाला, "काकू, माल परत घेत नाही हं आम्ही."

"परत कोण देतंय? दुसरी दाखव."

दुकानाच्या मागच्या भागात निरनिराळ्या फरश्यांचे चौकोन जमिनीतच बसवून ठेवलेत, गिऱ्हाइकाने चालून बघावं म्हणून. ज्योत्स्ना कडेला कुबड्यांवर उभी. एक नवराबायको मार्बल बघत होते, त्यांची नजर सारखी हिच्या बुटांकडे. तिला काही खाली बसवेना, ते मला दिसत होतं. उन्हात आलेलो, माझे गुडघेही ठणकत होते. मीच आधी बसले, पांढऱ्या चौकोनावर.

"काकू, खुर्ची आणू?"

"खुर्चीला काय फरशी लावायचीय? राहू दे."

मी हात टेकून या चौकोनावरून त्या चौकोनावर गेले. "ज्योत्स्ना, ही बघ. हिच्यावर सरकायला बरं वाटतं."

मी हा शब्द तिच्याशी बोलताना कधी वापरला नव्हता, बहुतेक. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग यांचा हात धरून खाली बसली, पट्टे सोडले आणि कॅलिपर यांच्याकडे दिले. हे ते दोन्ही हातांत धरून उभे, देवळात कुणाच्या चपला सांभाळत असल्यासारखे.

आणि मग ही पोरगी बोलायला लागली! इतकी वर्षं काय हवं विचारलं की 'चालेल'शिवाय शब्द नाही आणि आज थांबेना. चकचकीत टाइलवर पाणी ओतायला लावलं, तळहात टेकला, तो सुळकन गेला. "ही नको. ओल्या हाताने तोंडावर आपटेन." मार्बलला म्हणाली, "पौष-माघात बर्फ होईल." मोझॅक बरी, पण कडा उचलल्या की ओरखडते. शेवटी कोट्यावर येऊन थांबली. एकदाच पॉलिश मारलेला, आरसा न केलेला. पुढे गेली, मागे आली, गर्रकन वळली.

"सांधे किती रुंद ठेवता?" तिने शेखरशेठला विचारलं.

"जितके म्हणाल तितके, ताई."

"काडीएवढेसुद्धा नको. सांध्यात कपडा अडकतो. आणि मोरीला कठडा नाही, नुसता उतार."

मार्बलवाल्या बाई न राहवून म्हणाल्या, "इथे असं बसून बघायचं असतं का?"

शेखरशेठ पक्का दुकानदार. म्हणाला, "हो मॅडम, बसा ना. उभं राहून काय कळतं?"

आणि त्या बसल्या हो! नवरा वरून म्हणतोय, "अगं, उठ, लोक बघतायत." ज्योत्स्ना इतकी हसली की ठसका लागला.

भाव मी पाडला. तो वेगळ्या वहीत.

११ एप्रिल

बाकीच्या घरात कोटा बसत आलाय; तिच्या खोलीतली खरबरीत फरशी आता बहिरू मिस्त्री काढतोय. छन्नीच्या प्रत्येक घावाला मी फरशीचे पैसे मोजतेय. निघाल्या तेवढ्या मागे धुण्याच्या जागी लावल्या. तिथे शेवाळ धरतं, माझाच पाय वाचेल. तुटलेल्या होत्या त्या तुळशीभोवती. मिस्त्री कुरकुरतो, "कोट्याला लेवल लागती, काकू. जरा चुकलं का लगीच दिसतं."

"दिसू दे. मी बघतेच आहे."

बाहेरच्या उंबरठ्यावरून यांच्याशी वाजलं. हे म्हणतात, काढूनच टाकू. बिनउंबरठ्याचं घर कसं असेल? हळदीकुंकू कुठे वाहायचं? लक्ष्मीने कुठून यायचं? शेवटी पितळेची पट्टी जमिनीच्या सपाटीला बसवली. कुंकू तिच्यावरही लागतं.

चांदीची पावलं देव्हाऱ्यात आहेत. रोज पूजा करताना दिसतात. हा एक हिशेब जुळत नाही. तसाच पुढच्या पानावर ओढते. आई मागेल तेव्हा बघू.

ज्योत्स्ना येणार की मीनाकडे जाणार, काही बोलत नाही. तिची ट्रंक भरून दाराशी उभी आहे, पण कुठे जायला, ते तिलाच ठाऊक. मी विचारत नाही. विचारलं आणि ती पुन्हा 'चालेल' म्हणाली, तर मला कळणार नाही.

१५ एप्रिल

आज टेम्पोने सामान हलवलं. ज्योत्स्नाने तिची ट्रंक आमच्या टेम्पोत घालू दिली नाही. संध्याकाळी मीना येऊन ट्रंकेसकट तिला घेऊन गेली.

स्वयंपाकघर लावलं. फडताळ जरा उंच झालं. जेवण गेलं नाही.

१८ एप्रिल, आखाजी

अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर वास्तुशांत झाली. भटजी वेळेवर आले, आमरसाला आंबे गोड निघाले, पुरीला तेल कमी लागलं. देवाची कृपा.

ज्योत्स्ना सकाळी मीनाकडून रिक्षाने आली, दारापर्यंत कुबड्यांवर. मी औक्षणाचं ताट घेऊन आत उभी. तिने पायरीवर बसून पट्टे सोडले, बूट-कॅलिपर सगळ्यांच्या चपलांशेजारी ठेवले आणि उंबरठ्याच्या पितळी पट्टीवरून हात टेकून आत आली. मी खाली बसूनच ओवाळलं. माझे गुडघे हल्ली फार धरतात, बसणंच सोयीचं पडतं. कोटा मिस्त्रीने खरंच छान बसवलाय. ती नुसती हात टेकते आणि जाते.

सखुवन्सं वणीहून दोन दिवस राहायला म्हणून आल्यात. माझ्या मागेमागे स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "वयनी, लक्षुमी पायानं येत आस्ती घरात."

मी म्हटलं, "वन्सं, दुधावर लक्ष ठेवा जरा, उतू घालवायचंय."

पंगती उठल्या. पाहुणे निघाले. ज्योत्स्ना आता उठेल, बूट बांधेल, रिक्षा बोलवा म्हणेल, म्हणून मी उगाच भांडी मोजत बसले. चमचे पुन्हा पुन्हा मोजले. तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबल्याचा आवाज झाला. माझ्या हातातलं उलथणंच पडलं. बघते तर रिक्षातून मीना उतरतेय आणि रिक्षावाल्याच्या मदतीने मागून काहीतरी ओढून काढतेय.

आतल्या खोलीतून ज्योत्स्ना आली, भरभर, फरशीवर कपड्याचा सर्र असा आवाज करत. "आले गं मीना, आले!"

सखुवन्सं बैठकीच्या दारात, वाऱ्याला, दोन्ही पाय लांब करून बसल्या होत्या. ज्योत्स्ना त्यांच्यापाशी येऊन थांबली. त्यांनी वरून खालपर्यंत तिच्याकडे पाहिलं, पण पाय काही हलवले नाहीत.

"वन्सं," मी आतून म्हटलं, "पाय जवळ घ्या. तिची ट्रंक आलीय."